बालवाडीचा पहिला महिना: मुलाला रुळायला मदत कशी करायची

जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या की कुठल्याही बालवाडीच्या फाटकाबाहेर सकाळी एकच कल्ला असतो. कुणी आईच्या ओढणीला लटकलेलं, कुणी बाबांच्या मानेला घट्ट मिठी मारलेलं, कुणी चपला काढायलाच तयार नाही. त्या गर्दीतल्या बऱ्याच आयांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो, ‘माझंच का एवढं रडतंय?’ मी बालवाडीत शिकवते आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. त्याला तुम्ही हव्या आहात, आणि हे सांगायची त्याच्याकडे अजून दुसरी सोय नाही.

रडणं लवकरात लवकर थांबवायचं, असं ठरवून बसलात तर हा महिना जड जाईल. आपलं माणूस जातं आणि परत येतं, ते नसताना दुसऱ्या मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून रडता येतं, त्याला ‘भूक लागली’ सांगता येतं, हे मुलाला स्वतःच्या अनुभवाने पटायला हवं. तीन-साडेतीन वर्षांच्या वयात भावनिक आणि सामाजिक वाढ म्हणतात ती मुख्यतः इथे घडते. दप्तर, डबा आणि गणवेशाच्या खरेदीत तिच्याकडे लक्षच जात नाही.

रडण्यामागे काय चाललेलं असतं

बाळ साधारण आठ-नऊ महिन्यांचं झालं की अनोळखी माणसाकडे जाईनासं होतं, आई नजरेआड झाली की कावरंबावरं होतं. हे दहाव्या ते अठराव्या महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि मग हळूहळू ओसरतं. तीन वर्षांच्या मुलाला घरात त्याचा त्रास फारसा होत नाही. पण जागा नवी, माणसं नवी, आवाज नवे असं सगळं एकदम आलं की तीच भीती पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे मूल मागे गेलेलं नसतं, कसोटी मोठी झालेली असते.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं. आई खोलीतून बाहेर गेल्यावर बाळ काय करतं, आणि ती परत आल्यावर काय करतं, हे त्यांनी बारकाईने टिपलं. त्यांना जास्त बोलकं वाटलं ते परत आल्यानंतरचं वागणं. बाळ आईकडे झेपावतं का, तिच्या कुशीत शांत होऊन पुन्हा खेळाकडे वळतं का? जाताना बाळ किती रडलं, यावरून नातं ओळखता येत नाही. म्हणून ‘आमचा अजिबात रडला नाही’ हे प्रमाणपत्र नाही आणि ‘आमची आठवडाभर रडली’ हे अपयशही नाही. शाळा सुटल्यावर मूल तुमच्याकडे धावत येऊन बिलगतं का, ते बघा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. या वयात घड्याळ कळत नाही. ‘दोन तासांत येते’ म्हणजे मुलाच्या लेखी काहीच नाही. क्रम मात्र कळतो. आधी गाणी, मग डबा, मग वाळू, मग आई. पुढे निरोपाच्या वेळी याचा उपयोग होईल.

शाळा सुरू होण्याच्या महिनाभर आधी

मे महिन्यात मामाच्या गावाला जाणं होतंच. तिथे सुरुवात करता येते. मुलाला मावशीपाशी, आजीपाशी किंवा शेजारच्या काकूंकडे अर्धा तास ठेवून जा, पण ‘मी दुकानात जाऊन येते’ असं सांगून जा, आणि आल्यावर ‘बघ, आले की नाही!’ असं म्हणा. मग तास, मग दुपार. निसटून जाऊ नका. डोळा चुकवून गेलेली आई पुढच्या वेळी नुसती स्वयंपाकघरात गेली तरी मूल तिच्या मागे लागतं, कारण ती कधी नाहीशी होईल याचा त्याला भरवसा उरत नाही.

अक्षरओळख, आकडे, रंगांची इंग्रजी नावं यांची तयारी करून घेण्यात मे महिना घालवू नका. वर्गात मूल अडतं ते भलतीकडेच. चड्डी खाली-वर करता येते का? नाडीची किंवा बटणाची नको, इलॅस्टिकची द्या. चपला स्वतः घालता येतात का? आणि डबा! चारही बाजूंनी खटके असलेले प्लास्टिकचे डबे कितीही गोंडस दिसले तरी तीन वर्षांच्या बोटांना उघडत नाहीत. सगळे खायला लागलेले असतात आणि एक मूल बंद डब्याकडे बघत डोळ्यांत पाणी आणून बसलेलं असतं. साधा, सैल झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि घरी आठवडाभर त्यातच खाऊ द्या. बाटलीचंही तेच. ‘मला जमलं’ हे मुलाला दिवसातून चार वेळा वाटलं की परक्या जागेची धास्ती आपोआप कमी होते.

घराबाहेरच्या माणसाला ‘शू आली’, ‘पाणी हवं’, ‘दुखतंय’ एवढं सांगायचा सराव करा. दुकानात, बागेत, पाहुण्यांकडे मुलाच्या वतीने तुम्ही बोलू नका, त्यालाच मागू द्या. पुटपुटलं तरी चालेल.

झोपेचं गणित मेच्या शेवटच्या आठवड्यात बसवायला घ्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसात १० ते १३ तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुटीत अकराला झोपणाऱ्या मुलाला एकदम नऊला आडवं केलं तर नुसता धिंगाणा होतो. रोज पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे या.

घरात ‘शाळा-शाळा’ खेळा, पण भूमिका उलट्या ठेवा. मूल बाई, तुम्ही रडणारं बाळ. तुम्ही ‘आई, नको ना जाऊ!’ म्हणून भोकाड पसरा आणि ‘बाई’ काय करतात बघा. कुणी पाठ थोपटतं, कुणी ‘गप बस, नाहीतर कोंडून ठेवीन’ म्हणतं. या दुसऱ्या उत्तरावरून मुलाने शाळेबद्दल काय ऐकलंय ते तुम्हाला कळतं. ‘जा एकदा शाळेत, बाई बरोबर सरळ करतील’ ही धमकी घरात कुणी ना कुणी दिलेली असते. बागुलबुवा, पोलीस, इंजेक्शन देणारा डॉक्टर यांच्या यादीत बाईंना नेऊन बसवलं आणि मग त्याच बाईंच्या हातात मुलाचा हात दिला, तर ते किंचाळणारच. ही धमकी आजपासून बंद.

शाळेला काय विचारायचं

प्रवेशाच्या वेळी फी, गणवेश, बसची चौकशी होते. मी हे प्रश्न विचारेन: पहिले काही दिवस पालकाला वर्गात किंवा वऱ्हांड्यात बसू देता का? सगळी मुलं एकाच दिवशी येतात की चार-पाचच्या गटाने? पहिला आठवडा कमी वेळाचा असतो का? रडणाऱ्या मुलाला कोण घेतं, आणि तेच माणूस रोज असतं का? शू लागली तर कोण नेतं? ‘तुम्ही फक्त गेटवर सोडा, दोन दिवसांत सवय होते’ असं उत्तर मिळालं तर दुसरी शाळा बघायला हरकत नाही. दोन दिवसांत मूल गप्प होतं हे खरं, पण गप्प होणं आणि रुळणं यांत फरक आहे. कोपऱ्यात बसून डबाही न उघडणारं शांत मूल हे हंबरडा फोडणाऱ्यापेक्षा मला जास्त काळजीचं वाटतं.

मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचं की शाळेने मुलाशी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये गुजरातमधल्या भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं तेव्हा लहान मुलांना मारून-दटावून बसवायचं, हीच रीत होती. त्यांच्याबरोबर तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे दादरला शिशुविहार काढला आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला जाऊन गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातही शाळा भरवली. रडणाऱ्या मुलाच्या आईला तासभर वर्गात बसू द्यायचं की नाही यावर आज ज्या शाळा घोळ घालतात, त्यांनी हे जरा आठवून बघावं.

जाता जाता एक तक्रार. अलीकडे पहिल्या दिवशी फुग्यांची कमान, कानठळ्या बसवणारा स्पीकर आणि भल्यामोठ्या डोक्याचा मुखवटा चढवलेला माणूस दारात उभा करायची फॅशन आली आहे. फोटो छान येतात. बरीच मुलं तो मुखवटा बघूनच आल्या पावली मागे फिरतात. तुमच्या शाळेत असं असेल तर गर्दी ओसरल्यावर, मागच्या दाराने जा.

पहिला दिवस: निरोप कसा घ्यायचा

१. घाई होईल असं काही ठेवू नका. सकाळी घरात आरडाओरडा झाला की मूल फाटकापर्यंत पोचेस्तोवर अर्धं रडवेलं झालेलं असतं. शक्य असेल तर कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाका.

२. कुणी सोडायचं ते विचारपूर्वक ठरवा. काही मुलांना आई सोडायला आली की सुटताच येत नाही, आजोबांबरोबर मात्र टाटा करून आत जातात. यात आईने वाईट वाटून घेऊ नये. सर्वांत जवळच्या माणसापासून सुटणं सर्वांत अवघड जातं, इतकंच.

३. खिशात घरची एखादी वस्तू द्या. आईचा रुमाल, जुन्या साडीचा तुकडा, काहीही. महागडं खेळणं नको, त्यावरून भांडणं होतात.

४. मुलाचा हात वर्गातल्या ताईंच्या हातात द्या. जमिनीवर सोडून ‘जा आत’ म्हणू नका. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे असं ते जायला हवं.

५. निरोप छोटा आणि रोज एकाच पद्धतीचा घ्या. साधारण असा:

‘मी आता ऑफिसला जाते. तू गाणी म्हणशील, डबा खाशील, मग वाळूत खेळशील. हात धुऊन बाहेर आलास की मी फाटकाशी असेन.’

‘आई, नको ना जाऊ!’

‘तुला मी हवी आहे, कळतंय मला. ताई तुझ्याजवळ आहेत.’

एक पापा, आणि निघायचं. रडणं सुरू असताना निघणं जिवावर येतं. पण पाच वेळा परत वळलात तर मुलाला वाटतं, आणखी थोडं रडलं की आई थांबेल. ते तसं वाटणं अगदी तर्कशुद्ध आहे. ‘रडला नाहीस तर चॉकलेट’ हेही नको. रडणं ही वाईट वागणूक असल्यासारखं त्यातून होतं आणि दुसऱ्या दिवशी चॉकलेटाचा भाव वाढतो.

६. खिडकीतून डोकावू नका. तुमची नजरानजर झाली की तासाभराची मेहनत वाया. कॅमेऱ्यातून फोनवर वर्ग दाखवणाऱ्या शाळा आहेत. त्याने मुलाला काही मिळत नाही आणि तुम्हाला कामात चैन पडत नाही. त्यापेक्षा तासाभराने ताईंना एक फोन करा.

७. पहिले दोन आठवडे शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी हजर राहा. वाळू झाली की आई येते, असं तुम्ही सांगितलंय. बाकीच्यांच्या आया आल्या आणि आपली नाही, हे दृश्य मुलाच्या मनात आठवडाभर राहतं.

आत काय होतं, तेही सांगते. रडणाऱ्या मुलाला ‘गप’ म्हणण्यात अर्थ नसतो, त्याच्या हातांना काम लागतं. मी गवारीच्या शेंगांची परात घेऊन जमिनीवर बसते. असाच एक मुलगा हुंदके देत मांडीशी बसला होता. शेंग मोडली की ‘कट्’ असा आवाज येतो. चार-पाच शेंगा मीच मोडल्या. मग त्याने एक उचलली. मोडेना. समोरच्या मुलीने काही न बोलता स्वतःची अर्धी मोडलेली शेंग त्याच्यापुढे धरली. त्याने ती ओढली, ‘कट्’ झालं आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच मिनिटांनी त्याला पुन्हा आई आठवली, पुन्हा रडला, पण हातातली शेंग सोडली नाही. या मुलीला त्याचं नाव माहीत नव्हतं. दोस्तीची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते.

दुपारची आदळआपट

शाळेत शहाण्यासारखं वागलेलं मूल घरी येऊन थैमान घालतं, आणि घरच्यांना वाटतं की शाळेत बिघडलं. मुळात तीन तास परक्या जागेत स्वतःला सावरून धरणं हे या वयात प्रचंड कष्टाचं काम आहे. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. तीन वर्षांच्या मुलाची ती ताकद दुपारपर्यंत संपते आणि मग जिथे सर्वांत सुरक्षित वाटतं तिथे, म्हणजे तुमच्यासमोर, बांध फुटतो.

त्यामुळे घरी आल्यावरचा क्रम ठरवून टाका. आधी पाणी, मग खायला, मग थोडा वेळ कुशीत किंवा नुसतंच लोळणं. प्रश्न नंतर. क्लास, पाहुणे, बाजारहाट यांतलं काहीही जूनमध्ये दुपारी नको.

तरीही केळं सोलताना मधेच तुटतं. एवढं निमित्त पुरतं. मूल जमिनीवर लोळण घेतं, ‘जोडून दे!’ म्हणून किंचाळतं. अशा वेळी करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत, पण त्या क्रमाने कराव्या लागतात.

आधी स्वतःचा आवाज खाली आणा आणि मुलाच्या उंचीला बसा. मूल स्वतः शांत होऊ शकत नसतं, ते तुमच्या शांतपणाच्या आधाराने शांत होतं. तुम्ही तापलात तर त्याला टेकायला काही उरत नाही. मग झालं ते एका वाक्यात सांगा, ‘केळं तुटलं. तुला अख्खं हवं होतं.’ समजूत घालू नका, पोटात गेल्यावर त्याचे तुकडेच होणार हे शास्त्र सांगू नका. ‘जोडून दे!’ ‘जोडता येत नाही. खूप राग आलाय तुला.’ आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं सर्वांत अवघड.

हात उगारला तर हळूच पण ठामपणे धरा, ‘मारायचं नाही. मी मारू देणार नाही. पाय आपट हवे तर.’ भावना कुठलीही चालते, कृती मात्र वाटेल ती चालत नाही. रडणं उतरलं, श्वास संथ झाला की जवळ घ्या, पाणी द्या आणि उरलेलं केळं समोर ठेवा. बहुतेक वेळा ते खाल्लं जातं. नवं अख्खं केळं आणून देऊ नका. वाईट वाटलं तरी त्यातून पार पडता येतं, हे त्याला अनुभवू द्या.

प्रत्येक वेळी ‘राग’ हा एकच शब्द वापरू नका. हिरमुसलास का, धाकधूक वाटतेय का, रुसलीस का, दादाचा हेवा वाटला का, कंटाळा आला का, लाज वाटली का, असं बोलत राहा. मुलाला नेमकं नाव मिळालं की हळूहळू ते हाताने बोलायचं सोडून तोंडाने बोलायला लागतं. हे एका महिन्यात होत नाही, दोनेक वर्षं लागतात.

या सगळ्यात मोबाइल मुलाच्या हातात नको, तसा तुमच्याही हातात नको. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात आयांना काही मिनिटं तान्ह्या बाळासमोर निर्विकार चेहरा करून बसायला सांगितलं होतं. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, आवाज काढतं. काहीच प्रतिसाद नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि रडतं. स्क्रीनमध्ये बघणारा आपला चेहरा बाहेरून कसा दिसतो, हे एकदा आरशात बघा. रडणं थांबवायला लावलेला व्हिडिओ काम करतो, हे मान्य. पण त्या वेळी मूल शांत व्हायला शिकत नाही, फक्त विसरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनची कमाल मर्यादा दिवसाला एक तास आहे, आणि तोही रडण्यावरचा उतारा म्हणून नाही.

आजी-आजोबांशी कसं जमवायचं

‘मुलीसारखा काय रडतोस?’ हे वाक्य अजून घरोघरी आहे. मूल पडलं की ‘हात् रे! कुणी मारलं बाळाला? या जमिनीने?’ म्हणून जमिनीला चापटी मारणंही आहेच. जमिनीला एखाद्या वेळी चापटी मारल्याने काही बिघडत नाही, पण रोज तेच झालं तर प्रत्येक दुखण्याला कुणीतरी गुन्हेगार लागतो, आणि वर्गात तो शेजारचा मुलगा असतो. हे आजींना मुलासमोर सुनावू नका. त्यांना काम द्या. रात्रीची गोष्ट त्यांची, गोष्टीतला कोल्हा का रुसला, चिमणीला काय वाटलं हे विचारणं त्यांचं. भावनांचे शब्द त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असतात.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा रडणं

पहिले चार दिवस टाटा करत गेलेलं मूल सातव्या-आठव्या दिवशी दारातच बसतं. नवलाई संपली आणि हे रोजचं आहे, हे त्याला कळलं. सोमवारी, आजारपणानंतर, सणाच्या सुटीनंतर हेच पुन्हा होतं. सुटलेला अंगठा परत तोंडात जातो, रात्री अंथरूण ओलं होतं. ओरडू नका, चिडवू नका, चादर बदला. निरोपाची पद्धत पहिल्या दिवसासारखीच ठेवा आणि शक्यतो शाळा बुडवू नका. एक दिवस घरी, दोन दिवस शाळा असं केलं की रोजचा दिवस पहिलाच होऊन बसतो.

संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ विचारलंत की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं?’, ‘आज कोण रडलं?’ असं विचारा. दुसऱ्याच्या रडण्याबद्दल मुलं भरभरून बोलतात, आणि त्यात स्वतःचं बरंच सांगून टाकतात.

भांडणं, वाटून घेणं आणि ‘सॉरी’

मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांशी देवघेव करत खेळणं, आणि ठरवून मिळून खेळणं. दोन-अडीच वर्षांची मुलं बहुतेक शेजारी-शेजारीच खेळतात. मिळून भातुकली मांडणं चारच्या पुढे खुलतं. तेव्हा ‘आमची कुणाशी खेळत नाही, नुसती बघत बसते’ ही जूनमधली तक्रार मी फारशी मनावर घेत नाही. बघणं हाही खेळच आहे.

वाटून घ्यायची सक्ती नको, पाळी शिकवा. हातातलं खेळणं हिसकावून दुसऱ्याला दिलं आणि ‘शेअर करायचं असतं’ म्हटलं, तर मोठ्या माणसाने हिसकावलेलं चालतं, एवढंच मूल शिकतं. समजा एका तीनचाकीवर दोघं आहेत. मधे बसा, सायकलवर हात ठेवा. दोघांचंही म्हणणं मोठ्याने सांगा, ‘तुला चालवायची आहे. तुलाही चालवायची आहे. सायकल एकच आहे.’ आणि विचारा, ‘काय करायचं?’ साडेतीन-चारची मुलं चक्रावून टाकणारे तोडगे काढतात. एक चालवेल, दुसरा मागून ढकलेल. नाहीच सुचलं तर ‘झाडापर्यंत तीन फेऱ्या, मग हिचा नंबर’. मिनिटं सांगू नका, फेऱ्या मोजा. थांबणाऱ्याजवळ तुम्ही बसा, कारण खरं कठीण काम त्याचं आहे.

‘सॉरी म्हण’ याची घाई नको. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये केलेला एक प्रयोग घरी करून बघता येतो. आजोबांसमोर लाडवाचा डबा फडताळात ठेवा. आजोबा बाहेर गेले की मुलासमोर तो ओट्यावर हलवा आणि विचारा, ‘आजोबा परत आले की डबा आधी कुठे शोधतील?’ तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा ‘ओट्यावर’ म्हणतं. आपल्याला माहीत आहे ते आजोबांना माहीत नाही, हे साधारण चारच्या आसपास उमगायला लागतं. तेव्हा ‘तिला काय वाटलं असेल, विचार कर!’ हे तीन वर्षांच्या मुलाला अजून जड जातं. समोरचं रडणं मात्र त्याला दिसतं आणि टोचतंही. म्हणून दाखवा, ‘बघ, तिच्या डोळ्यांत पाणी आहे. हात लाल झालाय.’ आणि भरपाई करू द्या. ओला रुमाल आणून दे, पडलेले ठोकळे रचून दे. तोंडदेखल्या ‘सॉरी’पेक्षा हे मुलांच्या लक्षात राहतं.

चावरेपणा तीनच्या आतबाहेर अधूनमधून दिसतो आणि त्याने पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर महाभारत होतं. चावणाऱ्या मुलाचं नाव गटावर टाकू नका, ताईंशी बोला. आधी दुखावलेल्या मुलाकडे जायचं, मग चावणाऱ्याला दोन शब्दांत ‘चावायचं नाही, दुखतं’. उलट चावून दाखवणं हा घरगुती उपाय ताबडतोब टाकून द्या.

भाषा

तीन वर्षांचं मूल आपल्या घरच्या भाषेत रडतं, रुसतं, घाबरतं. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत ‘मे आय गो टू टॉयलेट’ हे वाक्य आठवेना म्हणून शू दाबून बसलेली आणि शेवटी चड्डी ओली झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना शिस्त नव्हे, शब्द कमी पडला. कुठल्याही माध्यमाची शाळा असो, ताईंना सांगा की शू, पाणी, दुखणं आणि आई हे तो मराठीतच सांगणार. परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात राहत असाल तर हेच चार-पाच शब्द कागदावर तिथल्या लिपीत लिहून शिक्षिकेला द्या आणि मुलाला तिच्या भाषेतले तेवढे शब्द शिकवा. घरी मात्र मराठी बंद करू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत असावं असंच म्हणतं.

किती दिवस वाट पाहायची

बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत रुळतात. सोडताना रडलं तरी पाच-दहा मिनिटांत खेळायला लागत असेल, डबा खात असेल, रात्री झोप लागत असेल, तर सहा आठवडे लागले तरी काळजी नाही. महिन्याभरानंतरही शाळेत काही खात नाही, रोज सकाळी उलट्या होतात, रात्री दचकून उठतं, एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढलं की अंग चोरतं, असं असेल तर ‘होईल सवय’ म्हणून सोडू नका. शाळेत जाऊन वर्ग चालू असताना बघायची परवानगी मागा. नाही मिळाली तर तेही एक उत्तरच आहे. घरी पोपटासारखं बोलणारं मूल पहिला महिना उलटून गेल्यावरही शाळेत एक शब्द काढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. तो हट्ट नसतो, भीती असते आणि तिच्यावर उपाय आहेत.

काही खुणांसाठी शाळा सुरू व्हायची वाटही पाहू नये. वर्षाचं झाल्यावर हाक मारली तरी वळून न बघणं, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही न दाखवणं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणं, नजरेला नजर न देणं, आणि कुठल्याही वयात आधी येत असलेलं बोलणं किंवा वागणं हरवणं. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे ऐकून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. तुमचं मूल खासगी शाळेत असलं तरी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या विभागाची, चौकशी करा. जाताना लसीकरणाचं कार्ड घ्या आणि मूल खेळताना, जेवताना, हाकेला कसं वागतं याचे फोनवर काढलेले दोन-तीन छोटे व्हिडिओ सोबत ठेवा. दवाखान्यात गेल्यावर मूल वेगळंच वागतं.